धाकटीनं हलायचं नाही

चौकात आल्या की ताई आधी चष्मा कपाळावर ढकलायच्या. मग कमरेवर हात ठेवून चारही रस्त्यांकडे एकेकदा बघायच्या आणि त्यातला एक निवडून चालू लागायच्या. आम्ही मागून. मी एकदा विचारलं, की ताई, रस्ता शोधताना चष्मा काढता कशाला? तर म्हणाल्या, "चष्म्यानं अक्षरं दिसतात गं. रस्ता नाय दिसत."

तो रस्ता दहातल्या सहा वेळा चुकीचा निघायचा, हे आधीच सांगून टाकते. पण 'चुकलो' हा शब्द ताईंपुढे काढायची सोय नव्हती. आमच्यातल्या कुणी तो काढलाच, तर त्या मागे न बघता म्हणायच्या, "चुकलो नाही, फिरलो."

माझगावच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर त्या माझ्या शेजारी बसत. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. राहायला नायगावच्या चाळीत, जन्मापासून. मी लग्न होऊन कुडाळकडून गिरगावात आलेली. आमच्या गावात एकच रस्ता, तो एका टोकाला देवळाशी जातो आणि दुसऱ्या टोकाला एसटीशी. त्यामुळे मुंबईत मला रस्त्यांची भीती बसली होती. हसू नका, खरीच भीती. वाडीतून स्टेशन, स्टेशनातून ऑफिस आणि तसंच परत, एवढंच मला यायचं. ह्या आखलेल्या वाटेवरून पाऊल बाहेर पडलं की तोंडाला कोरड पडायची. फोनमध्ये नकाशा आला, पण त्यातला निळा ठिपका मी उभी असते तिथं कधीच नसतो.

ताईंनी हे पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि मला आपल्या टोळीत ओढलं. टोळी म्हणजे ऑफिसातल्या आम्ही चौघी. शनिवारी अर्धा दिवस सुटलं की कुठंतरी जायचं, हा ताईंचा नेम.

पहिलीच सहल राणीच्या बागेची. पेंग्विन बघायचे होते. बस आली, ताईंनी चष्मा कपाळावर ठेवूनच पाटी वाचली आणि 'हीच' म्हणाल्या. मराठी आकड्यात एक आणि नऊ ह्यांच्यात फरक तो किती, एका शेपटीचा. उतरलो ते शिवडीला. मला घाम फुटलेला, बाकीच्या दोघी वैतागलेल्या, आणि ताई एका दुकानदाराशी बोलत उभ्या. त्यानं सांगितलं, आलाच आहात तर जेटीवर जाऊन या. गेलो. समोर चिखलात गुलाबी फ्लेमिंगोंचा हा मोठा जमाव, माना खाली घालून सगळे आपल्या जेवणात. ताई तिथल्या कठड्यावर बसल्या आणि डबा उघडून आमच्या हातावर सुकटीची चटणी नि भाकरीचे तुकडे ठेवले. पेंग्विन मी अजून पाहिलेले नाहीत. त्याचं वाईटही वाटत नाही.

पण ताईंचं नाव काढलं की मला आठवते ती कान्हेरीची सकाळ. ताईंच्या आईंना कान्हेरीची लेणी बघायची होती. त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी लेण्यांचा एक जुना, कॅलेंडरमधून कापलेला फोटो होता, आणि आई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. गुडघे दुखत होते. आता नाही तर पुढे जमणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. एका रविवारी ताई, आई आणि मी असं तिघींनी जायचं ठरलं. ताई म्हणाल्या, "साडेसातला दादरला, एक नंबरवर."

तुम्ही मुंबईचे असाल तर इथंच कपाळाला हात लावाल. तेव्हा दादरला एक नंबरचे फलाट दोन होते. पश्चिमेच्या लाइनीचा एक आणि मध्य लाइनीचा एक. मी चर्नी रोडहून गाडीत बसून आले आणि उतरले ती माझ्या एक नंबरवर. ताई नायगावहून चालत आल्या आणि आईंना घेऊन त्यांच्या एक नंबरवर बसल्या. जन्म नायगावात गेलेल्या बाईला दुसरा एक नंबर असतो हे ठाऊक होतं, पण तो मोजण्यात धरायची सवय नव्हती.

पावणेआठला मी फोन केला. मी एक नंबरवर, त्याही एक नंबरवर. दोघींच्याही एकदमच लक्षात आलं आणि दोघीही एकदमच म्हणालो, "थांबा, मीच येते." फोन ठेवला. मी एका पुलानं गेले, त्या आईंचा हात धरून दुसऱ्या पुलानं आल्या. पोचल्यावर पुन्हा फोन, पुन्हा दोघींना एकमेकींची दया, पुन्हा पूल. तिसऱ्या फोनला ताई जवळजवळ ओरडल्याच, की आता तू हलू नकोस, मी येते.

आईंनी तो पूल तीन वेळा चढला आणि उतरला. आल्या आणि बाकावर बसून त्यांनी चपला काढल्या, पाय सुजले होते. ताई खाली उकिडव्या बसून त्यांची पावलं दाबत होत्या. मला रडू आलं. ह्या बाईंची एवढी एक इच्छा, ती मी माझ्या बावळटपणानं घालवली असं वाटलं. मी म्हणाले, "माझं चुकलं, आई."

आई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "चुकलो कुठं बाय? फिरलो."

ताईंचा शब्द कुठून आला होता ते मला त्या दिवशी कळलं.

मग आईंनीच हट्ट धरला. आम्ही गेलो. पायऱ्या थोड्याच चढवल्या, पहिल्या मोठ्या चैत्यापर्यंत. उंच बुद्धमूर्तीसमोर आई हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग आत खांबाला टेकून अर्धा तास बसून राहिल्या. पुढचं काही बघायचं नाही म्हणाल्या, एवढं पुरे आहे. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्या रविवारी आम्ही बाकावरूनच परत फिरलो असतो तर, हा विचार मला आजही नको वाटतो.

परतताना ताईंनी नियम केला. यापुढे चुकामूक झाली तर धाकटीनं हलायचं नाही, मोठीनं यायचं. हा नियम आम्ही कितीतरी वर्षं पाळला. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, दादरच्या फुलबाजारात, गणपतीच्या गर्दीत हात सुटला की मी जिथं असेन तिथं खांबासारखी उभी राहायचे. पाच-दहा मिनिटांत कपाळावर चष्मा चढवलेल्या ताई हजर. माझी भीती गेली असं मला वाटायला लागलं. नवरा मात्र म्हणायचा, "तुझी भीती नाय गेली. ती ताईंच्या पर्समध्ये ठेवलीयस तू." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

ताई रिटायर झाल्या, मलाही चष्मा लागला. गेल्या वर्षी त्यांनी लेकीकडे नाशिकला कायमचं जायचं ठरवलं. सकाळची गाडी दादरहून. आदल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "एक नंबरवर भेट. निवांत बसू, मग गाडीकडे जाऊ."

आता दादरचे नंबर बदलले आहेत. दोन एक नंबर राहिले नाहीत, मध्य लाइनीचा जुना एक नंबर आता आठ झाला आहे. मी मनात म्हटलं, ताईंचा एक नंबर म्हणजे तोच. या वेळी चुकणार नाही. मी बरोब्बर जाऊन आठवर बसले.

ताईंचा फोन आला. मी म्हणाले, "तुमच्या एक नंबरवर आहे. आठवर."

त्या हसल्या. "आणि मी तुझ्या. म्हटलं, पोरगी आता उरलेल्या एकवर जाऊन उभी राहील. हलू नकोस, येते."

मी हलले नाही. जिन्याकडे बघत राहिले. ताईंच्या गाडीची घोषणा झाली, दोन फलाट सोडून पलीकडे. त्यांना न्यायला आलेला जावई सामान घेऊन तिकडेच उभा असणार. उठून गेले असते तर चार मिनिटांची वाट होती. पण ताई इकडे यायला निघाल्या असतील आणि मी जागेवर नसेन तर, म्हणून बसून राहिले. गाडी आली आणि गेली. नंतर कळलं, गुडघ्यांनी पुलावर त्यांना उशीर केला होता आणि जावयानं पुलावर येऊन त्यांना तिथूनच गाडीकडे नेलं होतं.

थोड्या वेळानं फोन वाजला. मागे गाडीचा आवाज.

"हललीस का?"

"नाही, ताई."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मग आता हल."

मी उठले. डोळे भरलेले होते, पूल चढले आणि घरच्या बाजूला उतरायच्या ऐवजी पूर्वेला उतरले. बाहेर आले तर समोर चार रस्ते. तोंडाला कोरड पडली, ती पडायचीच. मी फोन पर्समध्ये टाकला, चष्मा कपाळावर ढकलला आणि त्यातला एक निवडला.