नाही म्हणणारा नंदी

"काऊन बे नंदीवाल्या, माह्या पोराचं वाईट चिंतून राह्यला का तू?"

सिंदी मेघेच्या एका गल्लीत, हातात गव्हानं भरलेलं सूप घेऊन एक बाई लक्ष्मणवर ओरडत होती. लक्ष्मण नंदीबैलवाला. बाईनं त्याच्या नंदीच्या कानात विचारलं होतं, पोराला नोकरी लागेल का? लक्ष्मणनं ढोलकं गुबूगुबू वाजवलं, दोरीला हलकेच झटका दिला. या खुणेवर नंदीनं मान वर-खाली करायची असते. पिढ्यान्‌पिढ्या नंदी एवढंच शिकलेले. पण नंदीनं मान आडवी हलवली. जोरात, दोनदा.

"बाई, त्याच्या कानाले जखम हाय. म्हनून मान हलवून राह्यला."

"मंग जखम घेऊन दारात काऊन आला?"

सूप आत गेलं. गेटची कडी लागली.

मी पलीकडे मोटरसायकलवर हेल्मेट घालून बसलो होतो. गाडी बंद होती. डोक्याला कसला धोका नव्हता, फक्त तोंड दाखवायची सोय नव्हती. कारण ती जखम माझी होती.

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. गाय, बैल, म्हैस, जे दिसेल त्याच्या कानात पिवळा प्लॅस्टिकचा टॅग मारणं हे सध्या आमचं मोठं काम. टॅगवर नंबर असतो. जनावराचं आधार कार्डच समजा. पंचिंग मशीनसारखं एक यंत्र असतं, त्याच्या दोन जबड्यांत कान धरायचा आणि दाबायचं. टॅगशिवाय जनावर विकता येत नाही, बाजारात नेता येत नाही, रस्त्यानं हाकलं तरी विचारणा होते.

नालवाडीच्या बाहेर मोकळ्या जागेत लक्ष्मणचं पाल पडलं होतं. दोन बांबूंवर टाकलेली ताडपत्री, पुढे तीन दगडांची चूल. बायको सरजा, तिची म्हातारी सासू, आणि महादेव. महादेव म्हणजे नंदी. त्याच्या पाठीवर कवड्यांची झूल होती आणि पालात शिजलेली पहिली भाकर त्याची होती. नंदीला नांगराला जुंपत नाहीत, विकत नाहीत. मेला तर घरच्या माणसासारखं पांढरं कापड घालून पुरतात आणि सुतक धरतात. हे सगळं सरजानं मला त्याच दिवशी सांगितलं. मी मान डोलावत ऐकलं. त्या बाबतीत मी आणि नंदी सारखेच, समजो न समजो, डोलवायची.

मी यंत्र काढलं, तसा लक्ष्मण पुढे झाला.

"साहेब, डाव्या कानात नोका मारू. त्या कानात लोकं मनातलं बोलतेत. उजव्यात मारा."

मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "सगळ्यांचे डाव्यात आहेत ना? मग डाव्यात."

"सर, देवाचा नंदी आहे."

"कान आहे ना त्याला? मग टार्गेटमध्ये येतो."

फोन ठेवला आणि मी माझ्या परीनं विनोद केला. "लक्ष्मण, देवाले दोन कान हायेत. लोकायले सांग, दुसऱ्यात बोला."

कोणी हसलं नाही. मी दाबलं. महादेव नुसता थरथरला. नंतर मोबाइलच्या ॲपमध्ये एंट्री करायची होती. मालकाचं गाव विचारलं. लक्ष्मण म्हणाला, "जिथं पाल, तिथं गाव." ॲपला हे चालेना, तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाईना. मी नालवाडी टाकलं आणि मोकळा झालो.

भर पावसाळा. माश्या बसल्या, जखम चिघळली, अळ्या पडल्या. अशा कानाचं जनावर दिवसभर डोकं झटकतं. साधी गोष्ट आहे, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते. पण महादेवचं पोट डोकं कसं हलतं यावर होतं, आणि त्याच्यामागे आणखी तीन पोटं. पाऊस येईल का? नाही. पोरीचं जमेल का? नाही. नालवाडीत बातमी फिरली की या नंदीत काहीतरी वाईट शिरलंय. लोक दार लावून घेऊ लागले. सरपंचाचा माणूस येऊन म्हणाला, पाल हलवा.

सिंदी मेघेचा तमाशा पाहून मी दुसऱ्या दिवशी औषधाची पेटी घेऊन पालावर गेलो. जखम धुतली, अळ्या काढल्या. टॅग राहिला तर जखम भरणार नव्हती, म्हणून तो कापून काढला.

"बरी झाली की पुन्हा मारू," मी म्हणालो. "या वेळी उजव्यात. शब्द देतो."

"पयलेच आयकलं असतं तं?" सरजा म्हणाली.

मी पेटीचं झाकण लावलं.

कान भरत आला. मी पाहायला गेलो तेव्हा लक्ष्मण हसत होता. "विचारून पाहा, साहेब." मी वाकून महादेवच्या डाव्या कानात विचारलं, माझी बदली नागपूरला होईल का? गुबूगुबू वाजलं. महादेवनं झोकात मान वर-खाली केली. सरजासुद्धा हसली. बदली अजून झालेली नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की टॅग उपचारासाठी काढल्याचा दाखला लिहून द्यायचा राहून गेला. चार ओळींचा कागद. शिक्का तर खिशातच होता.

"इथंच फिर, लांब नोको जाऊ," एवढं मात्र सांगितलं.

"इथं कोण उभं करते आता, साहेब?"

म्हणून तो सिंदी रेल्वे या लांबच्या गावाकडे निघाला. वाटेत जनावरं तपासणाऱ्या पोरांनी अडवलं. टॅग नाही, कानाला ताजं भोक. म्हणजे चोरीचा बैल, टॅग काढून कत्तलीला चाललेला! लक्ष्मणनं झूल दाखवली, गुबूगुबू वाजवून दाखवलं. महादेवनं मान डोलावली. पोरं म्हणाली, बघा, बैलपण हो म्हणतो.

पोलिसांनी बैल गोशाळेत पाठवला आणि लक्ष्मणवर केस केली. मी ठाण्यात धावलो. टॅग मीच काढला, असं लेखी दिलं. त्यावर वरिष्ठांनी मला नोटीस काढली. ठाणेदार सज्जन होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता बैल कोर्टाच्या हुकमानंच सुटेल. मालकीचा पुरावा आणा." पुरावा म्हणजे माझी ॲपमधली एंट्री. त्यात गाव नालवाडी. ग्रामपंचायतीला विचारलं, तर उत्तर आलं की या नावाचा कोणीही इथं राहत नाही. खरंच होतं. पाल त्यांनीच उठवलं होतं.

तारखा पडत गेल्या. लक्ष्मण आणि सरजा रोज गोशाळेच्या फाटकाशी जाऊन बसायचे. केस चालू असेपर्यंत त्यांना आत सोडायचं नाही, असं व्यवस्थापकांचं म्हणणं.

"त्याले हातानं भरवा लागते, साहेब," सरजा मला फोनवर सांगायची. "गव्हाणीतलं नाई खात तो. त्याले माईत नाई ते."

मी व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढी जनावरं आहेत, कोणाकोणाला भरवू?" त्यांचंही चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात चुकला म्हणता येईल असा माणूस शोधायला गेलं की मीच सापडतो, हा मोठा वैताग आहे.

शेवटी गोशाळेतून फोन आला तो शवविच्छेदनासाठी. जनावर कशानं मेलं, हे कापून पाहायचं आणि लिहायचं. फाटकाशी दोघं उभे होते. लक्ष्मणच्या काखेत झूल, सरजाच्या हातात नवं पांढरं कापड. मी त्यांच्याकडे न बघता आत गेलो. हेल्मेट याही वेळी डोक्यावरच होतं.

महादेवच्या फासळ्या दिसत होत्या. मेल्याची एंट्री करायला टॅग नंबर लागतो. मी सवयीनं डावा कान उचलला. जखम पूर्ण भरली होती, छान, माश्यासुद्धा बसत नव्हत्या.

"नंबर इकडे आहे, सर," तिथला माणूस म्हणाला. "आल्या दिवशीच मारला. डाव्याला भोक होतं, म्हणून उजव्यात."

मी कारण लिहिलं, न्यूमोनिया. तोही झाला होता.

केसचा मुद्देमाल असल्यानं शव द्यायला मनाई होती. जेसीबीनं गोशाळेतच खड्डा केला. मी व्यवस्थापकांच्या पाया पडायचा बाकी राहिलो, तेव्हा दोघांना थोडा वेळ आत सोडलं. लक्ष्मणनं झूल घातली. सरजानं कापड पांघरलं, मग वाकून त्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. जेसीबीवाला इंजिन बंद करून बसला होता. मग तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "टाका माती."

ती दोघं नंतर म्हातारीला घेऊन कुठं गेली, कळलं नाही. केस अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला मी जातो, लक्ष्मणच्या नावाचा पुकारा होतो, कोणी उठत नाही.

आता मी टॅग मारण्याआधी विचारतो, कोणत्या कानात? शेतकरी हसतात. "कोन्याबी मारा ना, डॉक्टर, बैलाले काय फरक पडते?"

मी हसून दाबतो. ज्याला फरक पडत होता, त्यानं न विचारता सांगितलं होतं.