राजसबाईंच्या विहिरीतला वास

वादिराजच्या नाकाचा अण्णा नगरातल्या त्या लहानशा ऑफिसात दरारा होता. भूजलाचे नमुने गोळा करण्यात त्याची चोवीस वर्षं गेली होती. विहिरीवर वाकून तो श्वास घेई आणि पाण्यात पेट्रोल आहे की डिझेल ते सांगे. प्रयोगशाळेचा अहवाल आठवड्याने त्याच्याच बाजूने येई. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाक गेलं. ताप उतरला, वास परतला नाही. बायकोला, सीतालक्ष्मीला, हे ठाऊक होतं. ऑफिसात त्याने कुणाला सुगावा लागू दिला नाही.

शहरातल्या तिरुवल्लिकेणी भागातलं काम त्यानंतरचं. एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळून मागच्या गल्लीतल्या विहिरी नासल्या होत्या. टाकी बदलली. ठिकठिकाणी बोअर मारून तरंगणारं पेट्रोल उपसलं, पाणी कोळशातून गाळलं. दीड वर्षाने, डिसेंबरात इकडचा पावसाळा सरल्यावर, सगळे नमुने स्वच्छ आले आणि यंत्रं थांबली. आता मे महिन्यात एकदा शेवटचं बघून वादिराजने अहवालावर सही करायची, एवढंच उरलं होतं.

गल्लीच्या टोकाला राजसबाई राहत. तंजावरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. तो गेला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"पाण्याला परत वास येतो आहे, वादिराजा."

त्याने नेहमीप्रमाणे नळी खोल सोडून बाटली भरली. बाटलीचं तोंड नाकाशी धरलं.

"काही नाही, बाई."

"वास नाही, की तुला येत नाही?"

त्यांनी सहज विचारलं असेल. पण तो बाटली पिशवीत टाकून निघाला. बसमध्ये जागा असून उभा राहिला. घरी पानावर बसला आणि दोन घास खाऊन उठला. "काय झालं?" सीतालक्ष्मीने विचारलं. तो खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच तो राजसबाईंच्या विहिरीवर पोचला. या वेळी काचेची नळी खोल सोडली नाही, नुसती पृष्ठभागापुरती बुडवून उचलली. उन्हात धरली. आतल्या पाण्यावर नखाएवढ्या जाडीचा पिवळसर थर होता.

मग त्याला सगळं उमगलं. पावसाळ्यात पाणी चढलं, तेव्हा मातीत अडकलेलं पेट्रोल त्याच्याखाली दबून गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, तसं ते मातीतून सुटून पुन्हा पाझरू लागलं. डिसेंबरचे आकडे खोटे नव्हते, अपुरे होते. नाक शाबूत असतं तर काल उंबऱ्यावरच कळलं असतं.

संयुक्ता ही त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण या कामाची प्रमुख. वादिराजने नळी तिच्या टेबलावर ठेवली. तिने मान मागे घेतली.

"उग्र आहे, अण्णा."

"मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

तिने नळी बाजूला सरकवली. "मग नोंदींमध्ये 'वास नाही' असं लिहिलंत ते?"

"अंदाजाने."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने जुन्या फायली काढल्या. निव्वळ त्याच्या शब्दावर काम बंद केलेल्या तीन जागा निघाल्या. त्या पुन्हा तपासायच्या, आणि तुम्हीच सोबत यायचं, असं तिने सांगितलं.

गल्लीतली यंत्रं त्याच आठवड्यात सुरू झाली. राजसबाईंच्या दाराशी एक नवा बोअर मारला आणि त्यांच्यासाठी पाण्याची लॉरी येऊ लागली. निदान दोन उन्हाळे उपसा थांबवायचा नाही, असं ठरलं. वादिराजने सहीचा कागद कोराच परत केला.

तीनपैकी दोन जागा ठीक निघाल्या. तिसरी शहराबाहेर ओरगडमजवळची, बंद पडलेल्या ट्रक दुरुस्तीच्या शेडमागची. पलीकडेच वस्तीचा पिण्याच्या पाण्याचा बोअर होता. तिथला नमुना प्रयोगशाळेत गेला आहे. अहवाल गुरुवारी येणार. वादिराजने आज सकाळपासून प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा फोन केला.