श्रावण तायडेचं पुढचं शिक्षण

अकोल्याच्या जुन्या शहरात गयासुद्दीन पेंटर सिनेमाच्या काचा रंगवायचे. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर बिडीच्या, कापडाच्या जाहिराती दिसत, त्या या तळहाताएवढ्या काचांवर काढलेल्या असत. श्रावण तायडे मॅट्रिकला असल्यापासून त्यांच्या हाताखाली होता. एकदा त्याने बैलगाडीच्या आठ काचा रंगवल्या. प्रत्येकीत चाक जरा पुढे. यंत्रातून भराभर सरकवल्या तर पडद्यावरची गाडी अडखळत का होईना, चालली.

गयासुद्दीन म्हणाले, "तू इथं नको राहू. मले येते तेवढं तुले येऊन गेलं."

श्रावणचा बाप नत्थुजी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. पोरगा सरकारी शिष्यवृत्तीवर मुंबईला गेला आणि चित्रकलेची पदविका घेऊन वर्गात दुसरा आला. अठ्ठावन्न साली पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्याची निवड झाली. चित्रं हलती करून फिल्म बनवायची, असं ते शिक्षण. शिष्यवृत्ती चालू राहायला जातीचा नवा दाखला हवा होता, म्हणून तो अकोल्याला आला.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला आणि परत सरकवला.

"इथं बौद्ध लिहिलं तुमी. बौद्धाले हे शिष्यवृत्ती नाई. जुनी जात लिहा."

"धर्म बदलला म्हणून आमची गरिबी गेली काय?"

"मी कारकून हाओ, तायडे. मले काहून इचारता? बापाकडून लिहून आना का धर्म बदलला नाई म्हनून."

घरी श्रावणने नत्थुजीला हे सांगितलं. छप्पन्न साली दीक्षेसाठी अख्खी गल्ली नागपूरला नेली होती ती त्यानेच. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव पार्बताबाईने, श्रावणच्या आईने, मोर्णा नदीत सोडले, तेव्हा काठावर तो उभा होता.

सकाळी नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून पोराबरोबर कचेरीत आला. व्हरांड्यात बसणाऱ्या लेखनिकाने मजकूर वाचून दाखवला, 'मी हिंदू असून धर्मांतर केलेले नाही.' नत्थुजीने अंगठा दिला. मग भिंतीला अंगठा पुसू लागला. शाई निघून गेली तरी पुसतच राहिला.

श्रावणने कागद उचलला आणि फाडला.

"काहून फाडलं?" नत्थुजीने विचारलं.

"माह्यासाठी तुमी खोटं बोलावं, हे मले नाई पायजे."

"खोटं माहं होतं. मी बोललो. तुले कोनं इचारलं होतं?"

नत्थुजी त्याच्यासाठी न थांबता पुढे चालत घरी गेला.

मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. श्रावण अमरावतीच्या एका खाजगी शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. हेडमास्तरांना त्याचं अक्षर आवडलं, म्हणून दर जूनला पोरांच्या दाखल्यांचं रजिस्टर त्याच्याकडे येई. नाव, जन्मतारीख, धर्म, जात. वर्गात तो पोरांना रामफळ आणि तांब्या काढायला लावी. शकुनशी लग्न झालं. ती विचारी, "मुंबईले काय शिकनार होते तुमी?" तो म्हणे, "तसंच. चित्रकला."

काही वर्षांनी राज्य सरकारने बौद्धांनाही सवलती दिल्या. श्रावणने मुंबईला पत्र टाकलं. उत्तर दोन ओळींचं आलं. वयाची अट पंचविसाची होती, त्याला एकोणतिसावं चालू होतं.

सुट्टीत अकोल्याला गेला तेव्हा नत्थुजी खाटेवर बसला होता. त्याची कंबर गेली होती, जिनिंग सुटलं होतं.

"आता बौद्ध लिहिलं तरी भेटते म्हनते," नत्थुजी म्हणाला.

"हो."

"तुले?"

"माहं वय गेलं, बाबा."

"मी अंगठा देल्ला होता," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

श्रावण दुपारच्या मोटारीने अमरावतीला परतला.