आत्याला तो भाग दाखवायचा नव्हता

मंडळी, आज दुपारपासून डोकं चालत नाही, म्हणून इथं लिहितोय.

मंगळवार पेठेतल्या माझ्या आत्याला इंग्रजी खुनाच्या मालिका भारी आवडतात. भाषा कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून सगळं आपल्या भाषेत सांगत जातो. आजची ब्रिटिश मालिका ज्या कादंबरीवरनं काढलीय, ती मी वाचलेली. त्यात एक आई शवागारात जाऊन पोराला ओळखते. तेवढा भाग पळवायचा, असं ठरवूनच बसलो होतो.

मी रिमोट उचलला, तर आत्या म्हणाली, "थांब. बघू दे की."

पोलिसानं चादर बाजूला केली. त्या बाईनं पोराच्या कपाळावर हात ठेवला. मला काही सांगावं लागलं नाही.

"तिला बघू दिलं व्हय," आत्या हळू बोलली. "मग मला का न्हाय दिलं रे?"

आत्याचा संदीप मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा तिला बघवणार नाही म्हणून आतल्या खोलीत बसवलं होतं.

"थोरल्यांनी ठरवलं," एवढंच मी बोललो. तुम्ही काय सांगितलं असतं?

त्या खोलीची कडी बाहेरनं मीच लावली होती.