शमीखालची दुसरी खुर्ची

श्री. दत्ताराम घाडी यांची आणि माझी ओळख चोर आणि राखणदार या नात्याने झाली. चोर मी होते. हे आधीच कबूल करते, नाहीतर आपल्या मराठी मंडळाच्या या गौरवग्रंथात दुसऱ्या कोणीतरी लिहिलंच असतं. मला अक्षर येत नाही. मी बोलते आहे आणि आमची सूनबाई मेधा लिहिते आहे. तिने काही गाळलं असेल तर तो दोष तिचा.

नऊ वर्षांपूर्वी दसरा नेमका सुटीच्या दिवशी आला होता. मुलगा आम्हाला खोर फक्कानचा समुद्र दाखवायला निघाला. डोंगर लागायच्या आधी उघड्या वाळूत मला शमीची झाडं दिसली. इथे अमिरातीत, अल बर्शा वस्तीतल्या सातव्या मजल्यावर प्लॅस्टिकची पानं मांडून दसरा करणारी बाई मी! गाडी थांबवायला लावली, उतरले आणि चांगली हातभर फांदी मोडली. तोच मागून आवाज आला, "अम्मा! खलास! हाथ नीचे!"

"मेला हा कुठून उगवला?" मी पुटपुटले.

"सावंतवाडीहून, आजी," दत्तारामराव म्हणाले. "फांदी खाली ठेवा."

मराठी माणूस आहे, सोडेल, असं वाटून मी त्यांना शमीची पूजा, सीमोल्लंघन, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इथे हिला गाफ म्हणतात. त्या डोंगरापर्यंतचं रान एका बदू, म्हणजे वाळवंटातल्या अरब घराण्याचं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. झाड तुमचं नाही, माझंही नाही. मी फक्त राखतो."

"मग मालकापुढे उभं करा मला."

वाटलं, टाळतील. त्यांनी खरंच नेलं. घराण्यातले वडीलधारे, अबू सालेम, चटईवर बसले होते. त्यांनी ती फांदी दोन्ही हातांत घेतली, पडलेल्या पोराचा मोडका हात घ्यावा तशी. मग कॉफीचा छोटा पेला माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "अम्मा, पूजा करो. हर साल आओ. लेकिन तोडना नहीं." इतक्या गोड शब्दांत मला आयुष्यात कोणी रागावलं नव्हतं. माझे यजमानसुद्धा नाहीत.

तेव्हापासून दर दसऱ्याला मी त्या रानात जाऊन उभ्या झाडाची पूजा करते. दत्तारामराव शेजारी उभे राहतात आणि पूजा आटोपली की वाहिलेल्या अक्षता एकेक करून वेचायला लावतात. "हरणांना माणसाच्या हातचं खायची सवय लागली की ती रस्त्यावर येतात, आजी." देवाला वाहिलेलं परत घेऊन जाणारी भक्त साऱ्या अमिरातीत मी एकटीच असेन.

बावीस वर्षं ते हे रान राखत आहेत. आले ते या घराण्याचे ड्रायव्हर म्हणून. एकदा हरवलेली उंटीण त्यांनी नुसत्या पावलांवरून शोधून आणली, तेव्हा अबू सालेमांनी त्यांना पिकअपची किल्ली दिली आणि सांगितलं, यल्ला, चल, आजपासून तू रान बघ. रोज दोन फेऱ्या, एक गाडीतून आणि एक पायी. कोणी लावलेले फास काढायचे, सरपण तोडायला आलेल्यांना परतवायचं, प्लॅस्टिकच्या पिशव्या वेचायच्या, कारण त्या खाऊन उंट मरतात. वाळूत भरधाव गाड्या घालणारे हौशी लोक म्हणतात, "हबीबी, फक्त पाच मिनिटं." दत्तारामराव म्हणतात, "पाच मिनिटांत मोडलेलं झुडूप परत उभं राहायला माझी अख्खी नोकरी पुरणार नाही." आणि गाडीपुढे उभे राहतात.

आपल्या मंडळाची सहल आठवते ना? तीन गाड्या, कोळशाची शेगडी, मसाला लावलेलं चिकन आणि अंताक्षरीचा स्पीकर. त्यांनी हद्दीवरूनच सगळ्यांना परत पाठवलं. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "अहो घाडी, आपलीच माणसं आहोत."

"म्हणूनच सांगतो. तुम्हाला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवू?"

मंडळाने त्या वर्षी त्यांना गणपतीचं आमंत्रण दिलं नाही. त्याच मंडळाने आज त्यांच्या साठीनिमित्त ग्रंथ काढला आहे, याचं मला कौतुक आहे. ते चिकन शेवटी पेट्रोल पंपामागे उभं राहून खाल्लं, हेही ग्रंथात राहू दे.

माझ्यावरचे त्यांचे उपकार निराळे आहेत. दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. नातवंडांना काही विचारावं तर "लेटर, आजी." ते लेटर अजून यायचं आहे. पण दर शुक्रवारी फेरी संपली की दत्तारामरावांचा फोन येतो. "आजी, आज कोल्हा येऊन गेला." मला वाचता येत नाही, हे मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते खाली बसले, वाळूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे वाचा. हा ससा. इथे थांबला. इथे घाबरला. इथून पळाला." सत्तरी ओलांडल्यावर मी आयुष्यातली पहिली ओळ वाचली ती अशी. वारा रोज पाटी पुसतो, असं ते सांगतात. म्हणून वाळूत जे उमटलेलं दिसतं ते आजचंच असतं.

आता साठीबरोबर त्यांचा करार संपतो आहे. अबू सालेम म्हणतात, हवं तितकं राहा. गावाकडे पत्नी मागेच वारल्या. लेक आहे, तीन वर्षांची नात आहे. आजोबा म्हणजे फोन, अशी तिची समजूत आहे. तीन शुक्रवारांपूर्वी त्यांनी मला विचारलं, "आजी, राहू की जाऊ? तुम्ही सांगाल तसं करतो."

मी म्हटलं, "घाई काय आहे? विचार करून सांगते." पुढच्या शुक्रवारी माझे गुडघे पुढे केले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोल्ह्याचीच चौकशी करत बसले. खरं कारण आज सगळ्यांसमोर सांगते. ते गेले की शुक्रवारी माझा फोन वाजणार नाही.

पण गेल्या दसऱ्याला मी काही वाचलं होतं, ते मनातून जात नाही. आम्ही लवकर पोहोचलो, ते फेरीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या खोलीच्या, त्या पोर्टाकेबिनच्या दारापासून शमीपर्यंत एकाच चपलेची पावलं होती. गेलेली, आलेली. पुन्हा गेलेली, पुन्हा आलेली. झाडाखाली दोन खुर्च्या समोरासमोर. एकीपुढची वाळू तुडवलेली. दुसरीचे पाय वाळूत वीतभर रुतलेले, म्हणजे ती कित्येक महिन्यांत हललेली नव्हती. तिच्यापुढची वाळू कोरी. बसायची जागा मात्र लख्ख पुसलेली, आणि बाजूने तीच चपलेची पावलं, पुसायला आलेली.

दत्तारामराव परतले तेव्हा मी त्या खुर्च्यांकडेच बघत होते. ते म्हणाले, "बसा आजी, तुमचीच खुर्ची." मी वर्षातून एकदा येते!

म्हणून दत्तारामराव, माझं उत्तर ऐका. जा. रानाची काळजी करू नका. अबू सालेमांची नात मरियम दोन वर्षं तुमच्याबरोबर फेरी घालते आहे. गेल्या खेपेला मी सगळ्या अक्षता वेचल्या असं समजून उठले, तर तिने बोट दाखवलं, "अम्मा, एक और." ज्यांचं रान, त्यांचीच लेक ते राखणार, याहून मोठा सत्कार आम्ही हॉलमध्ये शाल देऊन काय करणार?

बावीस वर्षं तुम्ही लोकांना हद्दीवर अडवलंत. यंदा दसऱ्याला सीमोल्लंघन तुम्ही करा. नातीसमोर बसा, तिला गावच्या मातीतली पावलं वाचायला शिकवा. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, नजर अशीच लांबचं बघणारी राहो आणि गुडघे माझ्यासारखे न होवोत.

माझ्या शुक्रवारचं मी बघेन. दसऱ्याला शमीकडे जाईनच. अक्षता वेचून झाल्या की त्या दुसऱ्या खुर्चीवर थोडा वेळ बसेन. उठून गेल्यावर तिच्यापुढे माझी पावलं राहतील, वारा येईपर्यंत.