निरोप कुणाचा

दिल्लीतल्या एका बैठकीत मी एकदा भांडले. भांडले म्हणजे अगदी आवाज चढवून भांडले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गावोगावी इंटरनेटची केंद्रं निघायची होती आणि ती चालवणाऱ्यांसाठी नियमांचा मसुदा तयार होत होता. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातल्या सरकारी वकील बाईला तिथं कशाला बोलावलं, देव जाणे. मसुद्यात एक कलम होतं, की केंद्रचालकानं कुणाचा संदेश वाचू नये आणि कुणाला सांगू नये. मी म्हटलं, ज्याला वाचताच येत नाही त्याला वाचून कोण दाखवणार? तुमचा कायदा? शेवटी मी लिहून दिलं: संदेश ज्याचा आहे त्यालाच सांगावा, आणि तो म्हणेल त्या रीतीनं सांगावा. चहाच्या वेळी एका तरुण अधिकाऱ्यानं अदबीनं विचारलं, हे कोणत्या देशाच्या कायद्यातून घेतलंत? मी म्हटलं, औंढा तालुक्यातून. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा कसली! त्या ओळीपायी मी दोन वेळा तोंडावर आपटले होते, ते त्याला कुठं माहीत?

ते घडलं त्या बैठकीच्या आधी. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. मी टेलिफोन खात्याची वकील. हे नाव ऐकायला भारी, पण काम म्हणजे खांब कुणाच्या बांधावर रोवला, तार कुणाच्या बैलगाडीनं तोडली, असली भांडणं. माझं माहेर डोंगरकड्याचं, शेतकऱ्याचं घर. बोलणं तिखट आणि पारा लवकर चढणारा. वडील म्हणायचे, "हिला वकील केलं तेच बरं झालं. न्हाईतर घरात रोज कोर्ट भरलं असतं."

एक दिवस खात्याच्या साहेबांनी एक तक्रार माझ्यापुढं टाकली. शिरड शहापूरच्या पलीकडं डोंगराच्या कडेला एक तांडा होता. तिथं एकच फोन, सरकारनं बसवलेला. तो सांभाळायला तांड्यातलीच एक विधवा बाई होती, साठीच्या आसपासची, अंगठेबहाद्दर. बाहेरून फोन आला की ती निरोप ऐकून घ्यायची आणि ज्याचा त्याला पोचवायची. तक्रार तिच्याविरुद्ध होती आणि ती केली होती तांड्यातल्याच एका सुनेनं. वय वीस-एकवीस, शिक्षण दहावी.

वहीच्या कागदावरचं ते सुंदर अक्षर मला अजून दिसतं. तिनं लिहिलं होतं, की तिनं घरात कुणाला न सांगता पोलीस भरतीचा अर्ज केला. शेताकडं जाते म्हणून पहाटे पळायचा सराव केला. माहेरी जाते म्हणून भरतीला गेली. निवड झाली. तिच्या भावानं शुक्रवारी तांड्यावर फोन करून निरोप ठेवला, की महिन्याच्या आत हजर व्हायचं. नवरा ऊसतोडीला गेलेला. तो दर रविवारी फोन करतो, तेव्हा आधी त्याला सांगायचं आणि त्यानं आईची समजूत घालायची, असं तिनं ठरवलं होतं. पण फोनवाल्या बाईनं तो निरोप तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नाईकाच्या दारात उभं राहून अख्ख्या तांड्याला ओरडून सांगितला. सासूचा संताप झाला. आता सासू तिला फोनपाशी फिरकू देत नाही. दोन रविवार गेले. नवऱ्याला काहीच माहीत नाही. शेवटचं वाक्य होतं, "निरोप माझा होता. तो मला विचारल्याशिवाय वाटला. तरी त्या बाईकडून फोन काढून घ्यावा."

निरोप माझा होता! माझ्या हाताखाली कायद्याची पुस्तकं होती, पण इतकं नेमकं एकातही लिहिलेलं नव्हतं. तारेचा इंग्रजी जमान्यातला कायदा सांगायचा, की निरोप फोडणं गुन्हा. कुणाचा निरोप, हे त्या पोरीनं सांगितलं. माझं डोकं असं फिरलं, की बुधवारी औंढ्याच्या कोर्टातलं काम आटोपलं आणि खात्याच्या जीपनं थेट तांडा गाठला.

फोन बाईच्या ओसरीवर होता, पत्र्याच्या डब्यात. मी जीपमधून उतरले ती तोंड सुटलेलीच. मावशी, हे काय करून ठेवलंत, एका पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, तुमच्यावर खटला होऊ शकतो, वगैरे वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"वकीलबाई, ओरडून काहून सांगितलं ते तर इचारा."

"बरं, काहून?"

"फोन नव्हता तवा तार यायची. तारवाला आला की समजायचं, कुणीतरी गेलं. चांगली गोष्ट कोन तारेनं कळवतं? फोन आला, पहिलाच निरोप आला, ऊसतोडीचा ट्रक उद्या येऊन राहिला म्हणून. मी त्या घरात गेले, म्हातारीच्या कानाशी लागले. माझं तोंड उघडायच्या आधी तिनं ऊर बडवून घेतला. बेसुद पडली. ट्रकचं सांगायला तिला शुद्धीवर आणावं लागलं! त्या दिवसापासून ठरवलं. हळू बोललं की लोकाला मौत दिसती. मग नाईकाच्या दारात उभं राहायचं अन् खणखणीत सांगायचं. तांड्याची रीतच हाय, बाहेरची गोष्ट आधी नाईकापुढं."

मला ते पटलं नाही. पटवून घ्यायची तयारीच नव्हती. मी ठणकावलं, "ते काही नाही. आजपासून निरोप घरात जाऊन हळू सांगायचा. ज्याचा त्यालाच." बाई म्हणाली, "बराबर. सरकार म्हणल तसं."

पोरगी लांब गोठ्याच्या भिंतीपाशी उभी होती. सासू दारात बसलेली, नजर माझ्यावर. मी जीपकडं निघाले तेव्हा पोरगी शेणाची पाटी घेऊन वाटेत आली आणि न थांबता म्हणाली, "मॅडम, हजर व्हायला पंधरा दिवस राहिले."

मी हिंगोलीला परतले आणि साहेबांना अभिप्राय लिहून देणार होते, की फोन काढा. पण मन लागेना. फोन काढला तर त्या पोरीचा नवरा रविवारी फोन कुठं करणार? ऊसतोडीला गेलेल्या आयांनी मागं ठेवलेल्या लेकरांची खबर कुणाला विचारायची? फोन ठेवला तर पोरीच्या तक्रारीचं काय? तिचे दिवस एकेक करून कमी होत होते आणि मी शब्द खोडत बसले होते. शेवटी मी ताकीदपत्र तयार केलं, फोन राहील पण चूक कागदावर येईल असं. साहेबांची सही घेतली. बाईचा अंगठा घ्यायला लाइनमन जाणार होता. म्हटलं, नको, मीच जाते. पुढच्याच्या पुढचा रविवार धरून गेले. पोरीला हजर व्हायला चार दिवस उरले होते.

गेल्या गेल्या बाईनं माझी फजिती मलाच सांगितली, हसू दाबत. "तुमी म्हणला तसं केलं. हळू सांगितलं. तीन घरात रडारड झाली! एका घरानं तर सोयऱ्याला सांगावा धाडला, माती कधी म्हणून. निरोप काय, तर तिथं पोरगा पास झाला."

कप्पाळ माझं! मला हसावं की रडावं कळेना. कायदा शिकवायला गेले आणि तीन घरांत जिवंत माणसांसाठी रडायला लावलं.

"मग आता काय करता मावशी?"

"आता इचारते. फोन करणाऱ्याला इचारते, हाकेनं सांगू का कानात? अन् तांड्याला बसवून सांगितलं, बाबांनो, आता कानात सांगितलं तरी मौत न्हाई. भ्याचं न्हाई. मौत असल तर मी तुमच्या दारात बसंन, त्याच्यावरनं वळखा."

कित्येक वर्षं कायदा शिकलेली मी, आणि मला जे सुचलं नाही ते हिला आठ-पंधरा दिवसांत सुचलं, तेही माझ्या चुकीतून. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि पिशवीतला कागद जड झाला. या बाईला ताकीद द्यायची? मी पोरीला बाजूला बोलावून विचारलं, "तुझं म्हणणं अजून तेच आहे का? फोन काढायचा?"

"फोन नका काढू," ती म्हणाली. "याडीनं मला लहानाची मोठी होताना न्हाई पाहिलं, पण सून म्हणून जीव लावला." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि फोनवाल्या बाईला सगळेच याडी म्हणायचे. "पण मॅडम, तक्रार मागं न्हाई घेणार. चूक झाली हे कागदावर येऊ द्या. आज माझा निरोप होता, उद्या दुसरीचा राहील."

पोलिसात जायच्या आधीच पोलीस झालेली पोरगी!

मी बाईला म्हटलं, "मावशी, एक सरकारी कागद आहे. आत चला, हळू वाचून दाखवते. अंगठा दिला की झालं." चारचौघांत तिचा पाणउतारा करायची माझी इच्छा नव्हती. एव्हाना ओसरीपुढं निम्मा तांडा जमला होता, नाईक होते, आणि कडेला ती सासूही.

बाईनं विचारलं, "कागद माझा हाय ना?"

"हो."

"मग हाकेनं वाचा."

"अहो मावशी, त्यात तुमची चूक लिहिलीय."

"म्हणूनच. हाकेनं वाचा, वकीलबाई. नाईकासमोर."

मी वाचायला लागले. आवाज चढवून भांडणारी मी, माझाच आवाज मला ऐकू येईना. वाक्यं तीनच होती. निरोप त्या सुनेचा होता. तो तिला न विचारता इतरांना सांगितला गेला. ही सांगणाऱ्याची चूक आहे, निरोपवालीची नाही, आणि पुन्हा अशी चूक झाल्यास फोन काढून घेण्यात येईल.

बाई उठली आणि सरळ सासूपुढं जाऊन उभी राहिली. "ऐकलंस का? सरकारनं लिहिलंय. तुझं हसं झालं, घरात कळायच्या आधी तांड्याला कळलं, ते हिच्यामुळं न्हाई. माझ्या तोंडामुळं. राग धरायचा तर माझ्यावर धर. हिचं का नुकसान करून राहिली?"

सासू मान खाली घालून बसली होती. तशीच म्हणाली, "मला नोकरीची तकलीफ नव्हती. पोरगी पोलीस झाली, कोन नको म्हणंल? पाण्यावर गेले तर बायकांनी इचारलं, सून पोलीस झाली म्हणं. अन् मला ठाऊकच न्हाई. परकी झाले मी माझ्याच घरात." आणि ती रडायला लागली. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू. मी सुनेच्या निरोपाचा विचार केला होता. सासूलाही काही कळायचं होतं, आणि तेही तिच्या घरातच, हे माझ्या कागदात कुठंच नव्हतं.

पोरगी तिच्यापाशी गेली, गुडघे टेकून बसली. "तुमालाच पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं. भ्याले मी."

बाईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि ताकीदपत्रावर उमटवला. चांगला दाबून, जरा जास्तच शाई लागली. आणि तेवढ्यात पत्र्याच्या डब्यातला फोन वाजायला लागला. रविवार होता. बाईनं उचलला, नाव ऐकलं आणि पोरीकडं पाहिलं. सासूचा मुलगा, पोरीचा नवरा. एरवी अशा वेळी सगळा तांडा ओसरीला चिकटायचा.

पोरगी जागची हलली नाही. ती सासूकडं पाहत होती.

सगळ्यात आधी सासू उठली. पदरानं तोंड पुसलं, लोकांना हातानं मागं सारायला लागली, "चला, व्हा तिकडं, तिचा फोन हाय." नाईक उठले, बाया उठल्या, मीही कागद गोळा करून अंगणाबाहेर आले. सासू सगळ्यांच्या मागून निघाली, आणि जाता जाता वळून सुनेला म्हणाली, "गुरुवारी जायचं म्हणून सांग त्याला. मी सोडायला येऊन राहिले म्हणून सांग."