मारिएताच्या कपाळाची चव

समुद्रकाठच्या निन गावातल्या मिठागरात चाळीस वर्षं फावडं ओढलेल्या आंब्रोझला आपल्या जिभेचा भारी तोरा. जिभेवर खडा ठेवला की मीठ कोणत्या वाफ्यातलं ते तो सांगायचा. घरी मात्र कोणतंही कालवण तोंडात घालताच म्हणायचा, "अळणी." बायको मार्सेला "नावडतीचं मीठ अळणी" असं सुनावून मीठदाणी मुद्दाम लांब सरकवायची.

त्यांची मुलगी नेवेंका पाच महिन्यांच्या मारिएताला घेऊन माहेरी राहायला आली, तेव्हा आजोबांनी नातीच्या कपाळाचा पापा घेतला आणि मिटक्या मारल्या. "खारट. आपल्याच घरचं पोर." निनच्या खाऱ्या वाऱ्यात कुणाचाही पापा खारटच लागतो, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. मिठागराला वारस मिळाली म्हणून स्वारी महिनाभर गावात मिरवत होती. पोर मात्र घटाघटा दूध पिऊनही काडीसारखीच राहिली, वर खोकायची.

मग आठवडाभर पाऊस लागून राहिला आणि मिठागर बंद पडलं. एका दुपारी न्हाऊमाखू घातलेली नात आंब्रोझच्या मांडीवर झोपली आणि घामेजली. त्याने सवयीने पापा घेतला, मग पुन्हा एक घेतला.

"आता चाटूनच संपवणार का तिला?" मार्सेला म्हणाली.

"आपल्या मिठाला मागाहून कडवट चव येते. याला येत नाही. हे समुद्राचं नव्हे गं, पोरीच्या आतून येतंय."

नेवेंका एरवी बापाच्या जिभेला हसायची. या वेळी ती हसली नाही.

जवळच्या झादर शहरातल्या डॉक्टरबाईंनी मारिएताचा घाम तपासला. "पेशीला पातळ पडदा असतो. त्यात मिठाच्या ये-जा करण्याची दारं असतात. हिची ती दारं नीट उघडत नाहीत. म्हणून घामातलं मीठ परत आत जात नाही आणि फुप्फुसात कफ घट्ट होतो."

"म्हणजे दोन वाफ्यांमधली फळी अडकलीय," आंब्रोझ म्हणाला. "मी तर लाथ घालून उघडतो."

"इथे लाथ चालत नाही, आजोबा. औषधं आहेत. आणि हिला वरून मीठ द्यावं लागेल. पण तुमच्या लक्षात कसं आलं?"

"चाटून," मार्सेलाने परस्पर सांगून टाकलं.

डॉक्टरबाई हसल्या. आंब्रोझला हसू आलं नाही. पोरीच्या दुखण्याचीच आपण महिनाभर फुशारकी मारली, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

पुढे नातीचं मीठ तो स्वतः निवडून आणू लागला आणि रोज सकाळी पाठ थोपटून तिचा कफ सुटा करू लागला. ती तीन वर्षांची झाल्यावर नवं औषध सुरू झालं. त्याने ती दारं थोडी उघडतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

काही आठवड्यांनी, जेवायला बसताना, त्याने तिच्या कपाळाचा पापा घेतला. मग आणखी एक घेतला. मार्सेलाचा हात वाढता वाढता थांबला.

"काय झालं?"

"अळणी," आंब्रोझ म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

मार्सेलाने त्या दिवशी म्हण तोंडातून काढली नाही. मीठदाणी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.